शेवटची देवघेव

नकाशावर या खाडीचं नाव खरंच 'हा! हा!' असं आहे.
फेब्रुवारीत ती हसत नाही.
तिच्या पाठीवर दोन हात बर्फ,
बर्फावर लाकडी खोपटांचं गाव,
गल्ल्यांना पाट्या, एका खोपटाला टपालपेटीसुद्धा,
गंमत म्हणून.
मार्च सरला की सगळं उचलायचंच असतं.

मी रात्रपाळीला असते, शिकुतिमीच्या इस्पितळात, तळघरात.
माझ्याकडे माणसं येत नाहीत,
त्यांचं रक्त येतं, बर्फात, चिठ्ठी लावून.
त्या रात्री चिठ्ठीवर माझंच आडनाव होतं.
एलोई. वय चार. ताप.
यंत्राने लॅक्टेटचा आकडा दाखवला.
मी नळी परत लावली.
यंत्र आपल्या शब्दाला जागलं.

भावाला काय सांगणार होते मी?
की श्वास छातीत संपत नाही, रेनाल्ड.
तो पुढे जातो, रक्तातून, पेशीत, पेशीच्याही आतल्या खोलीत,
आणि तिथे अगदी शेवटी बसलेलं असतं
सायटोक्रोम ऑक्सिडेज.
नाव हे एवढं, जीव केवढासा.
पोटात कणभर तांबं, कणभर लोखंड.
आग लागल्यावर गावकरी बादल्या सरकवतात ना,
तसे अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन हातोहात येतात.
ते चार मोजून घेतं,
प्राणवायूच्या पदरात घालतं
आणि त्याचं पाणी करतं.
बस. एवढंच काम.
ते अडलं की मागची अख्खी रांग अडते,
बादल्या भरलेल्या, हात ताटकळलेले,
आणि रक्त आंबत जातं
विसरलेल्या पिठासारखं.

सायनाइडलाही हेच दार ठाऊक आहे.
पण एलोईच्या दारात विष नाही.
तिथे कामाला हातच कमी आहेत.
एरवी निभतं.
ताप आला की निभत नाही.

यातलं मी काहीच बोलले नाही.
म्हटलं, "वर येते."

चर्चच्या वह्यांत आमची सगळी माणसं आहेत.
शार्लव्वाहून गलबतांनी आली, पाइन तोडायला,
थोडकी घरं, पुष्कळ लेकरं,
आणि लांब हिवाळे.
रेनाल्डची वही मागे उलटत जा, सोलांजची उलटत जा,
दोन्ही एकाच बाईपाशी थांबतात.
फिलोमेन. अकरा बाळंतपणं.
तीन नावांसमोर पाद्र्याने एकच शब्द लिहिलाय: ताप.
शाई तीच, अक्षर तेच,
जणू एका दमात लिहिलं असावं.

दोष कुणाला देणार?
लाखो अक्षरांत एक अक्षर चुकलं
आणि ती चूक कुणी खोडली नाही,
कारण एकेकट्याला ती कधी बोचलीच नाही.
मलाही नाही बोचत.
माझं पाकीट आलं तेव्हा मी ते गाडीत बसून उघडलं.
एक प्रत शुद्ध, एक चुकीची.
आमच्याकडे वीस-बावीस माणसं जमली
की त्यात माझ्यासारखं कुणीतरी असतंच.
चर्चच्या बाकांवर मी आता माणसं मोजते.
वाईट खोड आहे.

एलोई त्या खेपेला परतला.
पाय थोडे ओढतो, बोलताना मध्येच थांबतो,
शब्दाची वाट बघत.
मार्चमध्ये बाबांनी हट्टाने त्याला खोपटात नेलं,
खिशात गळ आणि तापमापक.
शेगडी धुमसत होती. भोकातून काळं पाणी वर बघत होतं.
एपर्लां मासा एकही लागला नाही.
एलोई खिडकीपाशी गेला, काचेवर तोंड टेकवलं, हाः केलं,
आणि त्या वाफेवर बोटाने मासा काढला,
शेपटी नसलेला.

मी बघत राहिले.
त्या वाफेतलं सगळंच पाणी खाडीचं नव्हतं,
सूपमधलं नव्हतं.
त्यातलं थोडं त्याचं होतं,
आत, खोल, तांब्याच्या कणापाशी
चार-चार मोजून घडवलेलं,
हात कमी असताना.

"काच पुस," बाबा म्हणाले, "बाहेरचं काही दिसत नाही."
म्हटलं, राहू द्या.